डोळे झाकून घ्या, काका

तात्यांच्या दोनशे पानी वहीत प्रत्येक पानाच्या मधोमध लाल पेन्सिलीने उभी रेघ मारलेली आहे. रेघेच्या डावीकडे एसयूव्ही, उजवीकडे सेडान. रेघ पट्टीने मारलेली, आणि पट्टी बँकेची. तात्या बँकेतून निवृत्त झाले, पट्टी अजून सेवेत आहे.

जुनी गाडी घेणारी माणसं साधारण आठवडाभरात घेऊन मोकळी होतात. मेव्हण्याच्या ऑफिसातल्या कुणाची तरी बदली होते, गाडी निघते, रविवारी एक चक्कर मारायची, पाच-दहा हजारांवरून घासाघीस करायची आणि पुढच्या रविवारी बोनेटला हार घालायचा. तात्यांची कुळी वेगळी. पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत साठी ओलांडलेल्या पुरुषांत असा एक तात्या सापडतोच. बजेट ठरलेलं असतं, पैसे मुदत ठेवीत तयार असतात, घरच्यांची हरकत नसते. तरीही ठेवीची मुदत भरते आणि ती व्याजासकट पुन्हा ठेवली जाते, कारण 'अजून बाजार बघायचाय'.

आमच्या तात्यांचं बजेट सात लाख. सात म्हणजे साडेसात, पण ते काकूंना माहीत नाही अशी त्यांची समजूत आहे.

तात्यांची हयात एका नागरी सहकारी बँकेच्या कर्ज खात्यात गेली, आणि त्यातली निम्मी वाहन कर्जाच्या टेबलावर. शेकडो लोकांच्या गाड्या त्यांच्या सहीने रस्त्यावर आल्या. स्वतः तात्या सही करून पीएमटीने घरी यायचे. लायसन्स मात्र त्यांच्याकडे पूर्वीपासून आहे. मुदत संपायच्या आत नूतनीकरण केलेलं, प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवलेलं आणि वापराअभावी अगदी कोरं. 'माणूस खोटं बोलतो, तारण बोलत नाही' हे त्यांचं आवडतं वाक्य. ते ते इतक्या गंभीरपणे म्हणतात की समोरचा नकळत आपल्या गाडीकडे बघायला लागतो.

कर्जदारांविषयी त्यांचे सिद्धान्त आहेत. सेडानसाठी कर्ज मागणारा बायकोला बरोबर घेऊन यायचा, एसयूव्हीसाठी मागणारा चार मित्रांना. सेडानवाल्याचा हप्ता चुकला की तो फोन उचलायचा नाही. एसयूव्हीवाल्याचा हप्ता चुकला की बँकेलाच नगरसेवकाचा फोन यायचा. सेडानवाला अर्जात 'कारण' या रकान्यात 'कौटुंबिक वापर' लिहायचा. एसयूव्हीवालाही तेच लिहायचा, पण लिहिताना मित्र हसायचे. हे सगळं सांगताना तात्यांच्या बोलण्यात ना सेडानवाल्याविषयी प्रेम असतं, ना एसयूव्हीवाल्याविषयी राग. दोघांनाही त्यांनी सारख्याच दराने कर्ज दिलेलं आहे.

एसयूव्ही कशाला म्हणायचं, इथपासूनच तात्या पक्के आहेत. लोक उंच दिसली की एसयूव्ही म्हणतात. तात्या जीएसटी परिषदेला विचारतात. सेस लावण्यासाठी परिषदेने जुलै २०२३ मध्ये निकष नक्की केले: लांबी ४००० मिलिमीटरच्या वर, इंजिन १५०० सीसीच्या वर आणि रिकाम्या गाडीचं पोट जमिनीपासून किमान १७० मिलिमीटर. पुढे २०२५ च्या सप्टेंबरात गाड्यांवरचा तो सेसच गेला. निकष तात्यांनी ठेवून घेतले.

त्याचा पहिला फटका तिसऱ्या मजल्यावर बसला. तिथल्या शेजाऱ्यांनी ब्रेझा घेतली, पेढे घेऊन आले आणि म्हणाले, "तात्या, शेवटी एसयूव्ही घेतली बरं का." तात्यांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "लांबी ३९९५. पाच मिलिमीटरनं हुकली तुमची." शेजाऱ्यांना वाटलं काही तांत्रिक दोष आहे. त्या रात्री ते खाली टॉर्च घेऊन गाडीभोवती फिरत होते.

पण या निकषांनी खुद्द तात्यांच्या वहीतही घोळ घातला. डाव्या बाजूला त्यांनी पहिल्यांदा लिहिलेली गाडी म्हणजे डिझेल डस्टर. सव्वाचार मीटरच्या वर लांब, जमिनीपासून २०५ मिलिमीटर उंच, घाट चढताना दम न लागणारी, २०१२ साली आली तेव्हा रस्त्यावरच्या लोकांनी वळून वळून पाहिलेली. इंजिन १४६१ सीसी. म्हणजे तीनपैकी दोन निकषांत पास, एकात नापास. उजव्या बाजूला सियाझ. लांबी ४४९०, पोट जमिनीपासून बरोबर १७०, इंजिन पंधराशेच्या आत. तीनपैकी दोनांत पास, एकात नापास! सरकारच्या लेखी डस्टर आणि सियाझ एकाच बाकावर. ते लक्षात आलं त्या दिवशी तात्या जेवले नाहीत असं काकू सांगतात. मला ते खरं वाटत नाही, पण लाल रेघ त्या पानावर थोडी वाकडी आहे हे मी पाहिलंय.

तात्यांबरोबर गाड्या बघायला मी जातो तो ड्रायव्हर म्हणून. टेस्ट ड्राइव्हला तात्या गाडी चालवत नाहीत, ऐकतात. मी स्टिअरिंगवर, मागच्या सीटवर एजंटचा पोऱ्या, आणि तात्या माझ्या शेजारी दाराला कान लावून. रस्ता चांगला असेल तर ते नाराज होतात. "अरे, इकडं कुठं गुळगुळीत रस्त्यावर? त्या ड्रेनेजच्या कामावरून घे." ड्रेनेजच्या कामावरून गाडी गेली की खालून 'खट' असा आवाज येतो. "लोअर आर्मचा बुश," तात्या म्हणतात. दुसरा खट आला की, "डावीकडचा." पोऱ्या मागून म्हणतो, "काका, ती डिकीतली पाण्याची बाटली आहे." तात्या उतरून डिकी उघडतात, बाटली काढून माझ्या मांडीवर देतात आणि पुन्हा त्याच खड्ड्यातून गाडी न्यायला सांगतात. खट येतोच. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं, ते निर्दोष गाडी सापडल्यावर कधी दिसलं नाही.

वाघोलीपासून चिंचवडपर्यंत जुन्या गाड्यांच्या ओळी लावून बसलेले सगळे एजंट आता त्यांना ओळखतात. तात्यांनी सांगितलेली वेळ अकराची असते आणि ते दहाला पोचतात. गेल्या गेल्या काही न बोलता बोनेटवर तळहात ठेवतात. बोनेट कोमट लागलं, म्हणजे आपण यायच्या आत कुणीतरी इंजिन सुरू करून ठेवलं, म्हणजे थंड इंजिन सुरू होताना काहीतरी नाटक करतं. "सकाळी धुवायला बाहेर काढली होती, काका." "असं होय," म्हणत तात्या तिथेच स्टूल मागून घेतात आणि इंजिन थंड होईपर्यंत बसतात. या वेळात एजंटच्या धंद्याची, घरभाड्याची आणि कर्जाची सगळी माहिती ते काढून घेतात. एकदा त्यांनी एका एजंटला मुदतपूर्व परतफेडीचा इतका चांगला सल्ला दिला की तो गाडी विकायची विसरला.

मग तपासणी. पहिल्यांदा काचा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात शिक्का असतो, त्यात एक अंक आणि अंकाच्या आजूबाजूला ठिपके. अंक सालाचा, ठिपके महिन्याचे. पाच काचांवर एकच साल आणि सहाव्या काचेवर दुसरं असेल, तर ती काच नंतर बसलेली. मग टायर. त्यावर चार आकडे असतात. २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. मग बोनेटच्या बिजागऱ्यांचे बोल्ट, कारण पान्याने कधी खोलले असतील तर त्यावरचा रंग उडतोच. मग पेडल. मीटर म्हणतं गाडी ४२ हजार किलोमीटर फिरली आणि ब्रेकच्या पेडलचं रबर देवळाच्या पायरीइतकं गुळगुळीत, तर कुणाचं ऐकायचं? तात्या पेडलचं ऐकतात. शेवटी इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडायचं. आतून धूर फसफसून वर आला, की तात्या ते झाकण एजंटच्या हातात देऊन रुमालाला हात पुसतात. पुढे बोलणं होत नाही.

"काका, डॉक्टरांची गाडी आहे. डोळे झाकून घ्या."

हे वाक्य या धंद्यात रोज उच्चारलं जातं. गाडी नेहमी डॉक्टरांची असते, ती नेहमी फक्त घर ते दवाखाना जाते आणि डॉक्टर नेहमी परदेशी मुलाकडे चाललेले असतात. तात्या आरसीवरचं नाव बघतात, मग मागच्या सीटखाली हात घालून तंबाखूची एक रिकामी पुडी बाहेर काढतात. "डॉक्टर दातांचे का?" असं ते विचारतात, अगदी साध्या आवाजात. आणि मग, "डोळे झाकूनच घ्यायची, तर मी हे दोन आणले कशाला?"

पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीचा तर त्यांना वासच येतो. २०१९ च्या ऑगस्टात सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेलं, २०२१ च्या जुलैत चिपळूण. त्यानंतर कितीतरी गाड्या धुऊन-पुसून दूरच्या बाजारात उभ्या राहिल्या. गाडीत लिंबाचा सुगंध जरा जास्तच दरवळला, की तात्या सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघतात. पट्टा वरवर कितीही धुतला तरी गुंडाळीच्या आतला टोकाचा भाग धुवायचं कुणाला सुचत नाही, आणि तिथे गढूळ पाण्याची रेघ तशीच असते. मग सीटच्या रुळांवरचा गंज, मग स्टेपनीच्या खड्ड्यातली माती. चिमटीत माती घेऊन तात्या ती उजेडात धरतात. त्यांचं मूळ गाव गुहागरकडचं. एका सेडानच्या स्टेपनीखालची माती बघून ते म्हणाले होते, "ही आमच्याकडची." गाडी पुण्यात एका हाताने वापरलेली म्हणून उभी होती. एजंटने मान खाली घातली. तात्यांच्या डोळ्यांत मात्र क्षणभर गावाकडचं माणूस भेटल्याचा आनंद होता.

आता कुणी म्हणेल, एवढं कळणारा माणूस गाडी का घेत नाही? गाड्यांत खोट निघते म्हणून नाही. चांगल्या गाड्याही भरपूर पाहिल्या. अडचण अशी की चांगली एसयूव्ही दिसली की तात्यांना सेडानचे गुण आठवतात, आणि चांगली सेडान दिसली की गुहागरचा रस्ता.

गावच्या घराकडे जाणारा शेवटचा तुकडा खरोखर वाईट आहे. लाल चिरे, मध्ये ओहोळ, पावसाळ्यात सेडानचं पोट खरवडणार हे नक्की. मग डावी बाजू जड होते. पण गावाला तात्या जातात गणपतीला आणि शिमग्याला, तेही एसटीने. उरलेलं वर्ष काकूंना मंडईत जायचं असतं, आईंना डॉक्टरकडे आणि सगळ्यांना मिळून कधीतरी नाशिकला लेकीकडे. सगळं मिळून वर्षाला चार हजार किलोमीटर होतील. तात्यांनी हिशेब मांडला. पेट्रोल १०४ रुपये आणि लिटरला १४ किलोमीटर धरले. डिझेल ९० आणि १६. किलोमीटरमागे डिझेलमध्ये एक रुपया ऐंशी पैसे वाचतात. चार हजार किलोमीटरला ७,२०० रुपये. आणि त्या डस्टरला टायमिंग बेल्ट आहे, तो ठरावीक किलोमीटरनंतर बदलावाच लागतो. तुटला तर इंजिन कामातून जातं. उजव्या बाजूच्या पेट्रोल होंडा सिटीला साखळी आहे, तिची तशी कटकट नाही. म्हणजे बेल्टच्या एका खर्चात कित्येक वर्षांची बचत साफ. पान उलटलं की सेडान जिंकलेली असते. त्याच्या पुढच्या पानावर तात्यांनी खाली एका ओळीत लिहिलंय: 'पण घाटात?'

मधल्या काळात दिल्लीचं प्रकरण झालं. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई करणारा हरित लवादाचा आदेश २०१५ सालचा, सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला २०१८ साली. तेव्हापासून तिकडच्या वयात आलेल्या एसयूव्ही स्वस्तात इतर राज्यांत उतरतात. एका एजंटने तात्यांना तशी एक दाखवली. इथल्यापेक्षा बरीच स्वस्त आणि काळी कुळकुळीत. तात्यांनी तिथेच बसून तिकडच्या आरटीओची एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि नव्या नंबराचा खर्च मांडला. स्वस्तपणा कागदावरच विरघळला. एजंट म्हणाला, "काका, एवढा विचार कुणी करत नाही." तात्या म्हणाले, "म्हणून तर तुमचं चाललंय."

पांढऱ्या स्कॉर्पिओच्या ते वाटेलाच जात नाहीत. गाडी वाईट नाही, २००२ पासून तिने अख्खा महाराष्ट्र वाहिलाय. पण जुन्या पांढऱ्या स्कॉर्पिओच्या मागच्या काचेवर स्टिकर खरवडल्याच्या खुणा असतात, आणि तात्या भिंगातून ती अक्षरं लावत बसतात. एकदा 'अध्य' एवढं वाचता आलं. पुढचा 'क्ष' आणि तालुका गेला होता. "या गाडीनं सभा पाहिल्यात," तात्या म्हणाले, "ही भाजी आणायला नेली तर लोक भाजीवाल्याला विचारतील, काय भानगड झाली?"

पार्किंगचा प्रश्न मी थोडक्यात सांगतो, कारण तो सोसायटीच्या तीन सभांत पुरेसा चघळला गेला आहे. तात्यांच्या नावावरची जागा यांत्रिक पार्किंगमधली खालच्या मजल्यावरची. तिथे पाटी आहे: उंची १५५० मिलिमीटरपर्यंत. सिटी १४९५, म्हणजे आत जाते. डस्टर १६९५, म्हणजे वरचा पत्रा कापून आत जाते. कुणाशी तरी जागेची अदलाबदल करावी, तर सेक्रेटरी म्हणाले अर्ज द्या. तात्यांनी तीन प्रतींत अर्ज दिला. त्यात अदलाबदलीचे फायदे-तोटे दोन्ही लिहिले, आणि तोटे जास्त पटणारे होते.

मग एका रविवारी आईंना आणलं. तात्यांच्या आई चौऱ्याऐंशीच्या. दोन्ही गुडघे जेमतेम साथ देतात, जिभेला मात्र काही झालेलं नाही. 'बसण्याची चाचणी' असा त्या दिवसाचा मथळा वहीत आहे. एजंटच्या आवारात तीन गाड्या ओळीने उभ्या केल्या होत्या: एक स्कॉर्पिओ (पांढरी नव्हे, करडी), एक सिटी आणि जागा भरायला एक २०१६ ची पेट्रोल क्रेटा. तात्या हातात मोजपट्टी घेऊन प्रत्येक सीटची जमिनीपासूनची उंची लिहून घेत होते. काकू आईंच्या पाठीशी उभ्या.

स्कॉर्पिओच्या दाराशी आई थांबल्या. वर बघितलं. "बाळ, ही गाडी आहे का माळा?" बासष्ट वर्षांचा बाळ म्हणाला, "आई, पायरी आहे ना खाली." पायरीवर पाय ठेवायलाही पायरी लागत होती. पोऱ्याने प्लॅस्टिकचं स्टूल आणलं, काकूंनी मागून आधार दिला, पातळाचा काठ दाराच्या बिजागरीत अडकला, तो सोडवला आणि आई एकदाच्या वर पोचल्या. वर पोचल्यावर त्यांना ती जागा आवडली. "इथनं सगळं दिसतंय रे. तो बघ, तो मुलगा तिकडं विडी ओढतोय." पोऱ्याने विडी विझवली. आई पाव तास खाली उतरायला तयार नव्हत्या.

सिटीत उलट झालं. आई बसल्या, म्हणजे बसायला लागल्या आणि सीट येईचना. शेवटी धपकन आत गेल्या. थोडा वेळ आतून काहीच आवाज आला नाही. तात्यांनी वाकून विचारलं, "आई, बसलीस का नीट?"

"बसले रे. आता उठवायला चौघं बोलव."

एजंटने इकडेतिकडे बघितलं. काकूंनी पदर तोंडाला लावला. तात्यांनी उजव्या रकान्यात लिहिलं: 'बसणे सोपे. उठणे: मनुष्यबळ आवश्यक.'

क्रेटाच्या वेळी काहीच घडलं नाही. आई पाठमोऱ्या झाल्या, बसल्या, दोन्ही पाय आत घेतले आणि म्हणाल्या, "चहा मिळेल का इथं?" तात्यांना लिहिण्यासारखं काही सापडलं नाही. त्यांनी आपल्या सवयीने काचा बघितल्या आणि शेरा मारला: 'पुढची काच नंतर बसवलेली. कारण विचारणे.' मला मात्र काकू त्या गाडीचा नंबर पुटपुटताना दिसल्या.

परत येताना मी तात्यांना सरळच विचारलं, नेमकं अडतंय कुठे? बराच वेळ ते बोलले नाहीत. सिंहगड रस्त्याच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "टेबलापलीकडे अर्जदार असला की मला पाच मिनिटांत कळायचं. याला गाडी हवीय कशाला, पेलणार किती, चार वर्षांनी हा कुठे असेल. आता अर्जदारच कळत नाही." आणि मग जरा चिडून, "एसयूव्ही घेतली तर लोक म्हणतील, म्हातारपणी जोर आला. सेडान घेतली तर म्हणतील, साहेब झाले. मला काय व्हायचंय तेच फाइलवर नाही."

सिग्नल सुटला. मागच्या एसयूव्हीने हॉर्न वाजवला. तात्यांनी आरशात बघून तिचं साल सांगितलं.

काकू सकाळी सातला कुठे जातात हे सोसायटीत सगळ्यांना माहीत होतं. तात्यांना वाटायचं, योगाला. कोपऱ्यावर मोटार ट्रेनिंग स्कूलची 'एल' लावलेली हॅचबॅक उभी असायची, काकू त्यात बसायच्या आणि शिकवणाऱ्या पोराला वाटेत घरचा उपमा द्यायच्या. शिकाऊ लायसन्स झालं, परीक्षा झाली, पक्कं लायसन्स टपालाने घरी आलं. पाकीट तात्यांनीच घेतलं आणि सरकारी दिसलं म्हणून न उघडता काकूंच्या हातात दिलं. दुसऱ्यांची टपालं उघडायची नाहीत हा बँकेचा संस्कार.

पार्किंगही काकूंनीच मिटवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच शेजाऱ्यांची ब्रेझा तळमजल्याच्या उघड्या जागेत उभी असते. त्यांच्या मुलाची सेडान कायमची परगावी गेली आणि तिची मोकळी जागा काकूंनी चैत्रातल्या हळदीकुंकवाला बोलता बोलता मागून घेतली. अर्ज नाही, प्रत नाही. कैरीची डाळ मात्र चांगली झाली होती असं शेजारीण सांगते.

क्रेटाचं टोकन देऊन काकू घरी आल्या तेव्हा तात्या वहीत बाहेरच्या राज्यांतल्या गाड्यांसाठी तिसरा रकाना आखत होते. सौदा सहा लाख नव्वद हजारांना ठरला होता. बातमी ऐकून तात्यांनी वहीची मागची पानं उलटली.

"अगं, पण त्या गाडीची पुढची काच बदललेली आहे!"

"म्हणजे नवीन आहे ना? मग बरंच झालं की."

या युक्तिवादावर तात्यांकडे उत्तर नव्हतं. वाहन कर्जाच्या टेबलावर तो कुणी केलेलाच नव्हता. त्यांनी पुढे नो क्लेम बोनस विकणाऱ्याकडेच राहतो, तो गाडीबरोबर येत नाही हे सांगून पाहिलं. काकू म्हणाल्या, "राहू दे त्याच्याकडे, त्याला लागेल." मग तात्यांनी इंजिन विचारलं. १५९१ सीसी. लांबी ४२७०. जमिनीपासून १९०. तात्यांचा चेहरा बदलला. तिन्ही निकषांत पास! शेकडो पानांच्या घोळानंतर घरात आलेली गाडी सरकारी व्याख्येत तंतोतंत बसणारी एसयूव्ही निघाली होती आणि ती मंडईत जाण्यासाठी घेतलेली होती. तिसऱ्या मजल्यावर त्यांनी स्वतः जाऊन पेढे दिले. लांबीचा विषय त्यांनी काढला का हे मला कळलं नाही, पण शेजाऱ्यांनी दार जरा जोरात लावलं.

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. विमा चौदा दिवसांच्या आत नावावर करून घ्यायचा असतो, तो तात्यांनी दोन दिवसांत करून घेतला. काही झालं तरी कागद हा त्यांचा प्रांत. आरसी आली. मालक म्हणून काकूंचं नाव, आणि २०२१ पासून आरसीवर वारस नोंदवायची सोय असल्यामुळे वारस म्हणून तात्यांचं. काकूंनी पहिल्यांदा गाडी सोसायटीत आणली तेव्हा मागे आई, आईंच्या मांडीवर नारळ, आणि पुढे तात्या मोबाइलवर नियम वाचत बसलेले.

"वारसानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं. आणि तीन महिन्यांत गाडी आपल्या नावावर करून घ्यायची. मालकाच्या पश्चात, असं आहे."

"कळवा हो," गिअर मागे टाकत काकू म्हणाल्या. "आधी खाली उतरून भिंत किती लांब आहे तेवढं बघा."

तात्या मोजपट्टी घेऊन उतरले. गाडी हळूहळू मागे येत होती. वॉचमन हाताने 'या, या' करत होता, त्याला तात्यांनी बाजूला केलं, भिंत आणि बंपर यांच्यामध्ये पट्टी ताणली आणि मोठ्याने सांगितलं, "सत्तेचाळीस सेंटिमीटर!"

काकूंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "म्हणजे येऊ का थांबू?"